नबवियाचं पातेलं

कैरोत फुकट पाहण्यासारखं काय आहे, असं हल्ली कोणी विचारलं की माझ्या तोंडाची चव जाते. पूर्वी मी दोन्ही हात पसरून, तंबूच्या रंगमंचावर पसरायचो तसे, सांगायचो: नदी बघा, पूल बघा, मनोरे बघा, माझ्याकडे बघा, सगळं फुकट आहे. आता नदीकाठाला फाटकं बसलीत आणि प्रत्येक फाटकात एक पोरगा काळा चष्मा लावून उभा असतो. पुलाच्या कठड्याला टेकून जरा वारा खावा म्हटलं, तर मागून प्लास्टिकची खुर्ची गुडघ्याला लागते आणि खुर्चीवाला विचारतो, "चहा किती जणांना?" मनोऱ्यावर चढायचं तर आपल्या आधी किल्लीवाल्याचा तळहात वर चढतो. ज्याला मालक नव्हता त्या प्रत्येक गोष्टीला या शहराने मालक शोधून दिला आहे.

एक जागा राहिली होती. सय्यदा झैनबच्या दर्ग्यावरच्या उरुसातला नबवियाचा तंबू. तिथे काय झालं ते सांगतो. सांगताना मध्येच थुंकलो तर माफ करा.

नबविया सय्यदाच्या मशिदीमागच्या कोंबड्यांच्या दुकानात कामाला. कोंबडी कापणारा दुसरा. उकळत्या पाण्यात बुचकळून पिसं उपटायचं काम हिचं. तिची बोटं भाजून भाजून गुलाबी झालेली, नखं मऊ पडलेली, आणि ओल्या पिसांचा तो वास कितीही साबण लावला तरी जायचा नाही. बायका बसमध्ये तिच्यापासून सरकून बसायच्या. ती म्हणायची, "बरं आहे, ऐसपैस बसता येतं."

तिचा नवरा सब्री आमच्या तंबू-थिएटरात दोर ओढायचा. जिथे उरूस तिथे आम्ही. मी एका खेळात वजीर, दुसऱ्यात वजिराची बायको. पडदा वर गेला की कंबर हलवायची आणि टाळ्या घ्यायच्या. सब्रीचे हात पोलादी होते, पण लग्नानंतर किती वर्षं मूल नव्हतं. शेवटी हैसम झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात तापला. दूध घेईना. मग रडेनासा झाला. तेव्हा नबविया दुकानातून उठली ती तशीच, हातांना पिसं चिकटलेली, दर्ग्यात गेली आणि जाळीला धरून बोलली:

"सय्यदा, हे पोर मला राहू दे. मी जिवंत आहे तोवर तुझ्या उरुसात पातेलं चढवीन. येईल त्याला वाढीन, नाव विचारणार नाही. आणि या पातेल्याचा एक पैसा जरी माझ्या घरात आला, तर दिलेलं परत घे."

सब्रीने हे मला विंगेत सांगितलं तेव्हा तो घामाने भिजला होता. "शेवटचं वाक्य कशाला बोलली, उस्ताद? कोणी विचारलं होतं?" मी नबवियाला विचारलं. ती म्हणाली, "तिच्याकडे फुकट मागायचं होतं का? जामीन नको द्यायला?"

पोराने दूध घेतलं. उरूस आला तेव्हा नबवियाने रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलं चढवलं. डोक्यावर छप्पर नव्हतं, म्हणून मी आमचा एक जुना पडदा दिला: सुलतानाची बाग, कारंजी, आणि एक मोर, ज्याचा डोळा रंगवायला चित्रकार विसरला होता. तिने तो चित्राची बाजू आत घेऊन टांगला. म्हणाली, "बाहेरून कशाला? जेवायला बसलेल्याला दिसू दे."

तेव्हापासून दर वर्षी मसूर, भात, रोटी, जमलं तर मटणाचे चार तुकडे, आणि आल्यागेल्याला आधी चहा. असे तंबू उरुसात बरेच लागतात, पण नबवियासारखी हट्टी बाई दुसरी नव्हती. एकदा तिच्याकडे एक खिसेकापू आणि त्याला शोधणारा पोलीस मांडीला मांडी लावून जेवले. तिने दोघांना सारखं वाढलं. एकदा एक मटणाचा बडा व्यापारी ताटाखाली नोट ठेवून निघून गेला. ही सपाता घालून गर्दीतून, पाळण्यांच्या खालून, त्याच्यामागे धावली, नोट त्याच्या खिशात कोंबली आणि वर म्हणाली, "धावून दमलात ना? चला, अजून एक वाटी घ्या." बिचारा परत येऊन जेवला.

पुढे आमचं थिएटर बसलं. सब्री गेला. मी म्हातारा झालो आणि उरुसात नबवियाकडे कांदे चिरायला बसू लागलो; रडायची सवय होतीच. हैसम मोठा झाला. पोरगं देखणं, दात पांढरे, बूट त्याहून पांढरे, इंग्रजी फाडफाड. शाळेतून आला की लहानपणी चहाची थाळी घेऊन तंबूत फिरायचा, तेव्हा लोक म्हणायचे, हा सय्यदाचा मुलगा.

मग त्याने धंदा काढला. परदेशी पाहुण्यांना शहर पायी फिरवायचं. नाव, फुकट कैरो. तिकीट नाही, फी नाही. फुकट बाजार, फुकट मशीद, फुकट पूल. शेवटी एका कोपऱ्यात थांबून हा डोक्यावरची टोपी काढायचा आणि उलटी धरायचा. त्या टोपीइतकं ओशाळवाणं तोंड मी रंगमंचावरच्या कुठल्या भिकाऱ्याचंही पाहिलेलं नाही, आणि भिकारी मी पुष्कळ केलेत.

उरूस लागला की त्याची फेरी आईच्या तंबूशी संपायची. नबवियाला त्याचा कोण अभिमान. "बघा उस्ताद, लोक नोकरी लागली की आईला विसरतात. माझा मुलगा सय्यदाला पाहुणे आणतो. समुद्रापलीकडून आणतो." थंडीत त्याने तिला नवा फ्रिज घेऊन दिला होता, दोन दारांचा. ती त्यात उरुसाचं मटण ठेवायची आणि जाता येता त्याच्या दाराला हात लावायची, जसं देवाच्या माणसाला लावतात. टोपी तिने कधी पाहिली नव्हती. ती कोपऱ्यापलीकडे निघायची.

या वर्षी उरुसाच्या रजब महिन्यात, दुपारच्या वेळी, मी तंबूत कांदे चिरत होतो. हैसम दहा-बारा जणांना घेऊन आला. मंडळी जमिनीवर बसली, नबवियाने सगळ्यांना वाटी दिली, आणि हा उभा राहून बोलू लागला. माझं इंग्रजी आमच्या थिएटरच्या पाटीएवढं, दोन शब्दांचं. पण अभिनय कळायला भाषा लागत नाही. आधी त्याने आईच्या हातांकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या नाकाशी हात हलवला, म्हणजे वास. एक बाई हळहळली. मग हात पाळण्यासारखे केले, मान टाकली, आणि थांबला. तिथे तो थांबला ना, तिथे मला शिसारी आली. ती थांबण्याची जागा मला माहीत आहे. मी आयुष्यभर तिथे थांबून लोकांना रडवलं. ते मेलेलं पोर म्हणजे हा स्वतः, आणि पोरगं कलाकार म्हणून वाईट नव्हतं, हे त्यात जास्त किळसवाणं.

नबविया दुरून हसत होती. तिला वाटलं, मुलगा सय्यदाचा चमत्कार सांगतोय.

मंडळी उठली. मी सुरी ठेवली आणि मागोमाग गेलो. उसाच्या रसाच्या गाड्याआड टोपी फिरत होती. मंडळी गर्दीत पांगली तेव्हा मी त्याचा दंड धरला.

"काय करतोयस?"

"काम करतोय, फर्गलीकाका."

"आईच्या मसुरीवर?"

"मसुरीचे मी घेतच नाही. मसूर फुकट आहे. गोष्टीचे घेतो."

"गोष्ट कुणाची?"

"माझी. मेलो असतो तर मीच मेलो असतो ना?" त्याने नोटा सारख्या केल्या. "आणि काका, तुम्ही तिकीट लावायचात. वजिराची बायको होऊन कंबर हलवायचात."

"कंबर माझी होती."

"मग झालं तर. मेलेलं पोर माझं आहे."

"तिने जाळीला धरून काय म्हटलं होतं, ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. रोज सांगतो. सगळ्यात जास्त नोटा तिथेच सुटतात." आणि दात दाखवून हसला. "मला सलाईन लावलं होतं, काका. तिला तेवढं आठवत नाही."

उसाच्या चोथ्यावर माश्या घोंघावत होत्या. त्या मला त्याच्यापेक्षा स्वच्छ वाटल्या. मी परत फिरलो आणि ठरवलं, नबवियाला सांगायचं नाही. हा उरूस जाऊ दे. नंतर पोराला एकटं गाठू.

पण तंबूत पोचलो तर त्या मंडळींमधली एक बाई माझ्याआधी परत आली होती. केस पिकलेले, चेहरा भला. ती आमची भाषा पुस्तकांतून शिकलेली असावी. कारण रस्त्यावर कोणी बोलत नाही अशी बोलत होती. तिने नबवियाचा गुलाबी हात हातात घेतला, त्यात एक घडी केलेली नोट ठेवली आणि म्हणाली, "हे मातोश्री, आपल्या अन्नाने आम्ही तृप्त झालो. या भोजनाचे मूल्य आम्ही आपल्या सुपुत्रास प्रदान केलेच आहे. तथापि ही अल्प भेट आपणासाठी स्वतंत्र."

नबविया माझ्याकडे वळली. "काय म्हणते, उस्ताद? शुक्रवारच्या प्रवचनासारखं बोलते."

"मसूर आवडली म्हणते," मी म्हणालो.

"मूल्य म्हणाली ती. तो शब्द मला येतो." तिने हातातली नोट उलटीसुलटी केली. "सुपुत्र पण येतो."

मी सुरी उचलली आणि चिरलेलाच कांदा पुन्हा चिरू लागलो. तेवढ्यानेच तिला सगळं कळलं.

नबवियाने नोट बाईच्या पिशवीत ठेवली, पिशवीची चेन स्वतः लावली, आणि तिला बसवून अजून एक वाटी दिली. बाई गोंधळून खात राहिली. नबविया पातेल्याशी जाऊन उभी राहिली. वाफ तोंडावर येत होती, तरी हलेना. मला वाटलं, आता पातेलं पालथं करेल. पण अन्न फेकणारी ती नव्हती. तिने एकदा फक्त आपले हात नाकाशी नेले, हुंगले, आणि ओढणीला पुसले. पुसत राहिली.

थोड्या वेळाने हैसम आला. सवयीने थाळी उचलायला वाकला. नबवियाने थाळी त्याच्या हातातून काढून घेतली.

"बसा," ती म्हणाली.

तो हसला. "आई, चहा थंड होतोय त्या लोकांचा."

"होईल गरम. आपण बसा, पाहुणे. सय्यदाच्या दारी आलात, उभ्याने जाऊ नका."

"पाहुणे काय? आई, काय झालं?"

"इथे नाव विचारत नाहीत. नातंही विचारत नाहीत." तिने त्याच्यापुढे वाटी ठेवली, वर रोटी ठेवली, मटणाचा चांगला तुकडा शोधून वाढला. "जेवा. मीठ बघा बरोबर आहे का."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्या परदेशी बाईकडे, आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे. त्याचे पांढरे दात झाकले गेले. "काकांनी सांगितलं वाटतं."

"इथले काका तुमच्या ओळखीचे आहेत?" नबविया म्हणाली. "बरं झालं. जेवताना सोबत होईल." तिच्या आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलतात तेवढी गोडी होती. "आणि जाताना एक काम करा. आपली एक वस्तू माझ्या घरी राहिलीय. दोन दारांची. हमालाला सांगून घेऊन जा."

"आई, तो फ्रिज तुझ्यासाठी..."

"पाहुण्याची वस्तू मी ठेवत नाही."

त्याने दोन घास खाल्ले. वाटलं होतं रडेल, पाय धरेल. असा प्रवेश मी कितीदा केला असेल. त्याने रोटीने वाटी पुसली, उठला आणि गेला.

नबविया माझ्याशेजारी कांद्यांच्या ढिगाशी बसली. हळूच म्हणाली, "उस्ताद, पाहुण्याच्या खिशातला पैसा म्हणजे माझ्या घरात आलेला पैसा नाही. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग सय्यदा त्याला परत घ्यायची नाही." तिने एक कांदा उचलला. "माझा मुलगा नसला तरी चालेल. जगात असला पाहिजे."

त्या संध्याकाळी तिने स्वतः, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन, फ्रिज जिन्यावरून खाली गल्लीत काढला. आतलं मटण पातेल्यात गेलं नाही. ते मांजरांना घातलं, आणि ते घालताना तिचं तोंड असं झालं होतं, जणू ते कुजलेलंच होतं. हैसम फ्रिज न्यायला आलाच नाही. तो तिथेच उभा आहे, दारं उघडी, आत कोणीतरी रिकाम्या बाटल्या टाकतं, आणि उन्हात त्याला असा वास सुटतो की गल्लीतली माणसं नाक धरून वळसा घेतात.

हैसमची टोपी मात्र फिरतेच आहे. उरुसाच्या शेवटच्या दिवशीही तो मंडळी घेऊन आला. निर्लज्जपणाने बसला. गोष्ट सांगितली, थांबायच्या जागी थांबला. नबवियाने सगळ्यांना वाढलं, त्यालाही. कोणाला नाही म्हणायची तिला मुभाच नाही.

"मीठ बरोबर आहे ना, पाहुणे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," तो वाटीत बघत म्हणाला.

ती पुढच्याकडे वळली. मी माझी वाटी तशीच खाली ठेवली. या शहरात जे एकच जेवण मला फुकट वाटायचं, त्याचा घास मला गिळवेना.