वाटाण्यावरचं ऊन

नेनू ग्रिमा पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी त्याला कागदविक्या समजले. अजून आठवलं की हसू येतं. काखेत बटर पेपरच्या गुंडाळ्या, हातात निळ्या फोमच्या तुकड्यांची पिशवी. मला वाटलं, कागद भट्टीसाठी आणि फोम भांडी घासायला. तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी वरची गुंडाळी सोडली, ट्रेमध्ये अंथरली, वर चाळीस पास्तित्सी, म्हणजे आमच्या माल्टाच्या वाटाणा भरलेल्या खुसखुशीत करंज्या, मांडल्या आणि ट्रे भट्टीत सारला. तो आला, काचेतून आत बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, त्यात साडेतीनशे लोक राहतात."

चार वर्षं झाली त्याला. नेनू आमच्या सेंट ऑल्बन्सचाच, आई माल्टाची, माझ्याच चर्चमधली. वय अठ्ठावन्न. काम काय, हे मला आजही धड सांगता येत नाही. इमारत बांधायच्या आधी, पक्क्या नकाशाच्याही आधी, कुठे काय असावं याचा नुसता विचार तो कागदावर काढतो. खाली दुकानं, वर घरं, मधून वाट. पुढे दुसरे लोक येतात आणि सगळं बदलतात. तीस वर्षांत त्यानं काढलेलं जसंच्या तसं एकही उभं राहिलेलं नाही. कागदावर असतात ते गोळे.

"हा गोळा काय रे?"

"दुकानं."

"आणि हा?"

"घरं. नाहीतर पाळणाघर."

"नक्की काय?"

"तसंही होऊ शकतं, मावशी."

सगळ्याला हेच उत्तर. मी एकदा त्याच्यासाठी एक चांगली विधवा शोधली होती. तिनं विचारलं, लग्नानंतर राहायचं कुठे? हा म्हणाला, इकडे, नाहीतर तिकडे. बाई चहा संपायच्या आत उठली.

आणि जेवणाची वेळ. मी म्हणायचे बाराला ये, हा रोज बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी. "उशीर झाला," म्हटलं की म्हणायचा, "नाही हो, आत्ताच बारा वाजतायत." मी म्हणायचे, गोळे काढून काढून तुझं घड्याळ भलतीकडेच फिरायला लागलंय.

यंदा समोरची लाकडाची वखार विकली गेली. तिथे पाच मजले होणार आणि पहिला विचार करायचं काम आलं नेनूकडे. वखार आमच्या उत्तरेला, आणि पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यात सूर्य जातो तोही उत्तरेकडूनच. म्हणून तर जूनच्या थंडीत फुटपाथवरच्या माझ्या एकुलत्या टेबलावर ऊन असतं. माझा दीर स्पिरू, एक्क्याऐंशीचा, घरी जेवून एक वाजता तिथे येतो आणि तीनपर्यंत गुडघे शेकतो. ऊन गेलं की तो घराबाहेर पडायचा नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही.

मी नेनूला सांगितलं, "दोन इमारती कर आणि मधली फट माझ्या दारासमोर ठेव. बरोब्बर समोर."

"तसंही होऊ शकतं."

पुढच्या आठवड्यात बघते तर फट सरकलेली डावीकडे, स्टेशनच्या बाजूला. माझ्यासमोर सलग भिंत. वर कळलं की इमारत बांधणाऱ्या कंपनीच्या थॉर्प बाईंनाही ती तिकडेच हवी होती, स्टेशनवरची माणसं आत यावीत म्हणून. म्हटलं, विकला गेला हा. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पास्तित्सीही थंडच दिल्या.

तिसऱ्या दिवशी हा साडेअकरालाच हजर. पिशवीतले निळे तुकडे काढून फुटपाथवरच्या टेबलावर लावायला लागला. माझं साखरेचं भांडं बाजूला केलं, एक बांबूची काडी पावात खोचून उभी केली.

"हे काय?"

"उत्तर शोधतोय. काडीची सावली सगळ्यात छोटी होईल तेव्हा ती बरोबर उत्तर-दक्षिण असेल."

"मग बाराला होईल."

"बघा तुम्ही."

चर्चची बाराची घंटा झाली. नेनूनं सावलीच्या टोकाशी पेन्सिलनं खूण केली. सावली आखडतच राहिली. मी आत जाऊन ट्रे काढला, बाहेर आले, ती आखडतेच आहे. काय गोंधळ आहे मला कळेना. बारा-बावीसला ती थांबली, नेनूनं तिथे दुसरी खूण करून वेळ लिहिली, आणि मग ती वाढायला लागली. त्यानं त्या सावलीच्या रेघेवर इमारतींचे तुकडे फटीसकट जुळवले, मध्ये रस्त्याएवढी जागा सोडली आणि अलीकडे, जिथे आमचं टेबल येईल तिथे, माझ्या सारणातला एक वाटाणा ठेवला.

"हा स्पिरूकाका."

वाटाणा सावलीत होता. "बघ, गेलं की ऊन," मी म्हटलं.

"आत्ता काका कुठायत?"

"घरी. जेवतायत."

"मग आत्ता ऊन कुणाला द्यायचं?"

एक वाजता स्पिरू आला. वाटाणा बघून म्हणाला, "वहिनी, मी एवढा सुकलोय?" मग बसला वाट बघत. सूर्य डावीकडे कलला. दीडला त्या फटीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर उतरली, सरकत सरकत वाटाण्यापाशी आली आणि त्याच्यावर चढली. थॉर्प बाई दोनला आल्या, त्यांनीही वाकून पाहिलं. म्हणाल्या, फट तिथेच राहू दे, आम्हालाही सोयीचीच आहे. तीन वाजत आले तेव्हा कुठे ऊन वाटाण्यावरून उतरलं. स्पिरूनं तो उचलून तोंडात टाकला.

"म्हणजे ठरलं ना?" मी विचारलं.

नेनू म्हणाला, "सध्या ठरलं. पुढे बदलूही शकतं."

"मी तर तुला शिव्याच घातल्या मनात. समोर हवी म्हणत होते मी."

"समोर ठेवली असती तर ऊन आलं असतं ते तुमच्या रिकाम्या खुर्चीवर."

आता एवढं झाल्यावर बाईमाणसानं गप्प बसावं. पण मला कुठलं सुचायला? म्हटलं, "ते सगळं खरं. पण जेवायला चार वर्षं उशिरा आलास, ते नाही मी विसरणार."

त्यानं पेन्सिलनं पावाशेजारच्या दोन खुणांवर टकटक केलं. बाराची खूण वेगळी, सूर्याच्या बाराची वेगळी.

"सूर्य रोज कितीला येतो डोक्यावर?"

"बारा-बावीसला," स्पिरू खुणेजवळचं वाचून मधेच बोलला. माझ्याच घरातला माणूस, आणि बाजू त्याची.

"आणि मी कितीला येतो?"

मी आत गेले आणि भट्टीतल्या गरम पास्तित्सी आणून त्याच्यापुढे ठेवल्या.