ताईनं शिकून घेतलेले बन

लिफ्टवाल्या काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा त्यांना हातापेक्षा बनची काळजी जास्त होती.

काकांनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. लग्न केलं नाही. पंचेचाळिशीच्या सुमाराला त्यांचं वजन घटायला लागलं, रक्त कमी झालं, जिने चढताना धाप लागायला लागली. पुष्कळ तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्याला चालत नाही. चिमूटभरसुद्धा नाही. कधी त्रास दिसतो, कधी वरून काहीच दिसत नाही आणि आतलं अस्तर मात्र झिजत राहतं. औषध नाही. गहू, मैदा, रवा कायमचा बंद.

बाकी सगळं सुटलं, पण चहाबरोबरचा गोड मसाल्याचा बन सुटेना. मग काका स्वतःच शिकले. तांदळाचं पीठ, थोडं ज्वारीचं, बटाट्याचा स्टार्च आणि हे सगळं धरून ठेवायला पाण्यात फुगवलेला इसबगोल. वर दालचिनी, वेलदोडा, सुंठ, मूठभर मनुका. हे पीठ मळायचं नसतं. ढवळायचं आणि ओल्या हातानं गोळे थापायचे. पहिले कित्येक घाणे दगडासारखे झाले. हाताखालचा मेकॅनिक म्हणायचा, "काका, यातले चार द्या, लिफ्टच्या वजनाला लावतो." इसबगोलाचं कळल्यावर तर त्यानं बन हातातच धरला नाही. "नाश्ता करायचाय मला, पोट साफ नाही करायचं!"

हळूहळू बन जमले. जरा जड, जरा भुसभुशीत, पण चवीला झकास.

काका ज्या कचेरीची लिफ्ट सांभाळायचे, तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंच्या मुलीला हाच आजार होता. मुलगी तिसरीत होती. या बाई कुणाच्याही घरचं तिला खाऊ देत नसत. काकांनी बन देऊ केले, तेव्हा त्या आधी घरी येऊन स्वयंपाकघर बघून गेल्या. डबे उघडून बघितले, चाळणी उजेडात धरली. काकांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना ते स्वतः मेन स्विचची किल्ली खिशात ठेवायचे. 'बंद केलंय' या कुणाच्या शब्दावर ते कधी खाली उतरले नव्हते. तेव्हापासून दर शनिवारी चार बन त्या मुलीसाठी जाऊ लागले. बाहेरचं म्हणून ती खायची ते तेवढंच.

आणि आता मनगट मोडलं होतं.

ताई धावत आली. ती त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर काकांना तिनंच भरवलं, शाळेत घातलं. पण या आजारावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "लहानपणी माझ्या ताटातला पाव पळवायचास, तेव्हा कुठं होतं रे तुझं ग्लूटेन? डॉक्टरांनी डोक्यात भरवलेलं खूळ आहे हे सगळं." वर्षानुवर्षं फोनवर हेच चालायचं. तिच्याकडे गेलं, की काका स्वतःचा डबा नेत आणि ती नाक मुरडत वाढायची.

त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "धाकट्या, तुझे ते बन शिकव बघू मला," तेव्हा काकांना गलबलून आलं. इतक्या वर्षांनी ताईला पटलं! ते खुर्चीत बसून सांगत गेले आणि ती करत गेली. चमचा बदल, हात धू, ओटा पुन्हा पूस. तिनं निमूटपणे सगळं ऐकलं.

तिचा पहिला घाणा बसला. पुढच्या आठवड्यापासून मात्र बन असे फुगले, की काका बघतच राहिले. "काय केलंस?"

"हात लागतो त्याला. तुझे हात स्क्रू पिळणारे."

काकांना एका हातानं बन तोडता यायचा नाही. ती सुरीनं तुकडे करून, लोणी लावून बशी पुढे ठेवायची. कामावर बनवर उड्या पडल्या. इसबगोलाला नावं ठेवणाऱ्या मेकॅनिकनं दोन खाल्ले. काका सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या ताईनं केलेत."

मधे त्यांचं तोंड आलं, थकवा यायला लागला. वेदनाशामक गोळ्यांमुळे असेल, असं त्यांना वाटलं. एका शनिवारी रिसेप्शनवरच्या बाई कंटाळलेल्या दिसल्या. "पोट पुन्हा बिघडलंय पोरीचं. मैत्रिणीकडे काहीतरी खाल्लंय आणि कबूल करत नाही. शपथा घेते. काल चांगली बदडली तिला." काकांना मुलीची दया आली. त्यांनी डब्यात आणखी दोन बन घातले.

प्लास्टर निघाल्यावर काकांनी पहिल्यांदा गरम बन स्वतःच्या हातानं तोडला. तो तुटला नाही. ताणला गेला. दोन तुकड्यांच्या मधे पिठाचे मऊ, लांब पदर निघाले. तांदळाच्या पिठाचे असे पदर निघत नाहीत. कुणाच्याही हातानं निघत नाहीत.

"ताई, यात काय आहे?"

ताई हसली. या प्रश्नाची ती वाटच बघत होती. आत जाऊन बॅगेतल्या साड्यांखालून मैद्याची पिशवी घेऊन आली. "अर्धा मैदा! पहिला घाणा बसल्यापासून हेच खातोयस. मेलास का? उलट गालावर तेज आलंय. आता तरी सोड ही सोंगं."

"आणि त्या मुलीचे बन?"

"त्याच घाण्यातले की. पोरीनं एकदा तरी पोटभर चांगलं खाल्लं असेल."

काकांनी हातातले तुकडे बशीत ठेवले. त्यांना आठवलं, ती किती लक्ष देऊन शिकली होती. चमचा का बदलायचा, हेसुद्धा विचारून घेतलं होतं तिनं.

"अरे, असा काय बघतोस? तुझ्या भल्यासाठीच केलं ना!"

काकांनी चप्पल घातली आणि ते त्या बाईंच्या घरी गेले. दार मुलीनंच उघडलं. त्यांना बघून ती स्वयंपाकघरातून बशी आणायला पळाली. काकांनी उंबऱ्यातच उभं राहून तिच्या आईला सगळं सांगितलं. ताईचं नाव पुढे करून सुटका नव्हती. बन त्यांनी दिले होते.

बाई ओरडल्या नाहीत. भिंतीला हात टेकून म्हणाल्या, "ती शपथेवर सांगत होती हो. आणि मी मारलं तिला." मग म्हणाल्या, "काका, आता बन नकोत."

"बरोबर आहे."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत, कळतं मला. पण नकोत."

मुलगी बशी घेऊन तशीच उभी होती. आईनं तिच्या हातातून बशी काढून घेतली आणि तिला जवळ ओढलं.

काका घरी आले, तेव्हा ताईनं पान वाढून ठेवलं होतं. फक्त भात आणि उकडलेले बटाटे, मीठ घालून. "यात काही नाही रे. आईची शपथ."

काकांनी पातेलं काढलं, घासलं, तांदूळ धुतले आणि गॅसवर चढवले.

"आता माझ्या हातचा भातसुद्धा नको तुला? विष घातलं असं वागतोयस. मी वाढवलंय तुला."

"हो," काका म्हणाले. "तूच वाढवलंस. म्हणून तर मी विचारलं नाही."

ताई पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला खरंच वाईट वाटत होतं, हे काकांना दिसत होतं. एरवी त्यांनी जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. ते भाताजवळ उभे राहिले. शिजेपर्यंत तिथून हलले नाहीत.