चौकटीवरची रेघ

"उजवा हात डोक्यावरनं ने आणि डावा कान धर बघू." दारात नवं पोर आलं की बाई आधी हे करायला लावायच्या. बोटं कानाला लागली तर पोर पहिलीत जाणाऱ्या गटात. नाही लागली, तर आईबापांनी कितीही गयावया केली तरी बाईंचं उत्तर ठरलेलं: "घाई कसली हाय? खेळू दे की अजून वरीसभर."

कोल्हापुरात आमच्या पेठेत, बाईंच्या घराच्या सोप्यातच, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीत, ही बालवाडी भरायची. मी त्यांच्या हाताखाली शिकवायला होते. समोरच्या शाळेत पहिलीला कुणाला घ्यायचं, यात बाईंचा शब्द शेवटचा. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा, आणि पोरांची नाकं पुसायला स्वतःचा पदर.

हा नियम बाईंनी एकदाच मोडला, तोही स्वतःच्या लेकीसाठी. लेक नोव्हेंबरातली, म्हणजे पहिलीच्या वयाच्या अगदी काठावरची. अक्षरं यायला लागली होती, सोप्यात बसून कंटाळायची. बोटं कानाला लागेनात, तेव्हा बाईंनीच तिचं कोपर धरून हात ओढला आणि तिला पहिलीत धाडलं. पोरगी अभ्यासात कुठं मागं पडली नाही, पण प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागली की कायम सगळ्यांत पुढे हीच.

तिला वेड फुटबॉलचं. आमच्या पेठेत ते पाळण्यातच लागतं. शाळेत खेळाचे एक सर होते. पाचवीच्या मुलींचा संघ निवडताना त्यांनी मैदानाच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. रेघेखालच्या मुलींना एकच वाक्य: "पुढच्या वर्षी या." चेंडू मारून तरी बघ, एवढंही म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी पोरगी वाढली, तशी सहावीची रेघही वर सरकली. त्या सरांबद्दल मला चांगलं बोलता येत नाही, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही.

दुसऱ्यांदा परत आली त्या संध्याकाळी बाईंनी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्याला लागून खिळ्यानं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ध्यानात." लेकीनं चेंडू माळ्यावर टाकला, तो कायमचा. लग्न होऊन ती जयसिंगपूरला गेली. माहेरी आल्यावर गल्लीतली सगळी मॅचला पळतात, ही घरात बसून राहते.

बाई मात्र वाट बघत होत्या. सरांना उशिरा मुलगा झाला, आणि तोही नोव्हेंबरात! वर्ष वाया जायला नको म्हणून सरांना घाई. ते पोराला घेऊन येणार हे आदल्या दिवशी कळलं, तेव्हा मेथी निवडता निवडता बाई म्हणाल्या, "कान लागू दे न्हायतर न लागू दे, घालतेच त्येला पहिलीत. ऱ्हाऊ दे जन्मभर रेघंखाली."

"घालाच," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

सर आले. पोराच्या चपला उलट्या पायांत. त्यानं हात डोक्यावरून नेला, बोटं केसांतच अडकली. "पोचला, पोचला!" म्हणत सरांनी त्याचं कोपर ओढलं.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "सोडा त्येचा हात!" त्या ओरडल्या. "असा हात मी एकदा वडलाय. पुन्ना न्हाय." मग जरा सावरून, एकेक शब्द चावत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या, सर."

सर लालबुंद होऊन गेले. आम्ही दोघींनी दुपारी मिसळ मागवली.

पण बघा, सूडही बाईंना नीट साधला नाही. वर्षभर थांबलेलं ते पोर वर्गात सगळ्यांत थोराड निघालं. पाचवीत संघाचा कप्तान! गुलालानं माखलेले सर पेढे घेऊन दारात आले. "बाई, तुम्ही त्या वर्षी थांबवलं म्हणून हे झालं बघा."

बाईंनी पेढ्याला हात लावला नाही. "माझ्या पोरीला कुणी थांबवलं न्हाय. मीबी न्हाय. पर तुम्ही तिला एक डाव चेंडू तरी मारू द्यायचा हुता."

"कुठली पोरगी?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

ज्याच्यावर बाईंनी इतकी वर्षं दात धरला, त्याच्या ती खिजगणतीतही नव्हती. बाईंनी सरांचं मनगट धरलं आणि त्यांचंच बोट चौकटीवरच्या रेघेवर टेकवलं. "ही. एवढीशी हुती." सर पेढे घेऊन परत गेले.

बाई यंदा गेल्या. सोपा माणसांनी भरला होता आणि लेक दाराशीच बसली होती. सर आले, तिच्यासमोर थांबले आणि हळू आवाजात विचारलं, "आपण बाईंच्या कोण?"

ती उठली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याच्याही खाली होती.

सरांनी हात जोडले. 'आत या' असं ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.