तळव्यावरची कबड्डी

कुरुळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचे कान कंपनीतल्या प्रेस मशीनच्या आवाजानं नेले, मागून दृष्टीही गेली. तरी गावच्या कबड्डीला ते माझ्याबरोबर यायचेच. त्यांच्या तळव्यावर मी बोटानं चढाई काढून दाखवायचो, गडी बाद झाला की टिचकी मारायचो.

"धरला? व्हय?" ते मोठ्यानं विचारायचे.

यंदाच्या फायनलला शेवटच्या चढाईत मी भान विसरून उभा राहिलो, ओरडलो, नाचलो. खाली पाहिलं, तर काका तळवा पुढं धरून तसेच बसले होते.

"कोण जिंकलं रं?"

पुढच्या स्पर्धेतल्या सामन्याला बोलवायला गेलो, तळव्यावर चढाईची रेघ ओढली, तर म्हणाले, "न्हाई, तू बघ मोकळेपणी."

मी आग्रह केला नाही. तो सामना मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत पाहिला.