साउंड चिप आणि रफिकभाईंचा कान

जुन्या मशिनी दुरुस्त करणाऱ्यांकडं दोनच गोष्टी साठतात, स्क्रू आणि किस्से. स्क्रू हवा तेव्हा सापडत नाही. किस्से मात्र चहाचा कप दिसला की आपोआप बाहेर पडतात!

आमचा अड्डा म्हणजे शिवाजी पेठेतलं रफिकभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. रविवारी सकाळी तिथं आम्ही तिघं जमतो. भाई, गडमुडशिंगीहून दूध घालायला येणारा संजा आणि बँकेतून रिटायर झालेला मी. यंदा आम्ही एक जुनापुराणा होम कॉम्प्युटर नव्या बोर्डवर उभा केला.

*

सगळं झकास चाललं. फक्त तपासणीची कार्ट्रिज लावली की टीव्हीवर यायचं, 'साउंड चिप बॅड!' चिप बदलली, बॅड. आणखी एक आणली, तीही बॅड. भाई वैतागले.

"सगळीच पोरं नापास व्हय? मग मास्तरलाच तपासा की!"

तपासलं. त्या टेस्टला जॉयस्टिकच्या खोबणीत एक प्लग लावावा लागतो, कारण ती खोबणही हीच चिप वाचते. आणि आमची खोबण चिकटपट्टीनं बुजवलेली! काम संजाचं.

"तुमी गूळ खाऊन तसंच मशीनला हात लावताय. मुंग्या शिरत्यात की आत!"

पट्टी काढली, प्लग लावला. सगळी पोरं पास!

*

या चिपमधून एका वेळी तीन सूर निघतात. ते ऐकायला बसलो आणि पेठेतली टीम नेमकी मॅच जिंकून आली. दारात हलगी, फटाके, शिट्ट्या. आम्हाला एकमेकांचं बोलणंसुद्धा ऐकू येईना!

भाईंनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्पीकरला टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

"दुसरा सूर चिरकतोय. चिपचा पाय बघ."

संजानं बघितलं. एक पाय सॉकेटात नीट बसलाच नव्हता. अशा माणसाला आपण तर हात जोडतो!

*

पण हाच कान हल्ली दगा द्यायला लागलाय. डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं, भाई ऐकत नाहीत. भाभी आमच्यासमोरच कडाडल्या, "हाका मारून माझा घसा बसला, आन् ह्यास्नी चिपचे सूर ऐकू येत्यात!"

भाई चिडले. "ज्या दिवशी माझा कान चुकंल, त्या दिवशी दुकानाला कुलूप!"

तोंडातून गेलेला शब्द भाई मागं घेत नाहीत. दुकान गेलं तर भाईंचं काय उरणार?

*

शेवटच्या चाचणीच्या रविवारी टीव्हीवर सगळं 'ओके' आलं. भाईंनी गाणं सुरू केलं, खुर्चीत रेलून डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले.

"वा! तिन्ही सूर कसं एकमेकाला धरून हाईत!"

मला काहीच ऐकू येईना. संजाकडं बघितलं, तो पांढराफटक. त्यानं नजरेनंच टेबलाखाली दाखवलं. स्पीकरची वायर निघून लोंबत होती!

आता बोलायचं कुणी? संजाच मोठ्यानं ओरडला, "व्हय भाई! नाद खुळा वाजतंय!"

"एक नंबर!" मीही मान डोलवायला लागलो. डोळ्यांत पाणी आलेलं, ते तसंच राहू दिलं.

भाई डोळे मिटूनच म्हणाले, "लबाडांनो, आता वायर लावा की!"