पिवळी रेघ

गाडीबद्दल काहीही सांगितलं की तो आधी हात पुसायचा आणि मग विचारायचा, "कोन म्हनलं?"

टायर चांगले आहेत. कोन म्हनलं? ब्रेक नवे आहेत. कोन म्हनलं? बातमीदारीत इतकी वर्षं काढूनही हा प्रश्न एवढ्या कोरडेपणाने विचारणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

तो मूळचा देवळ्याचा. नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या मागे त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी तेव्हा माझ्या छोट्या गाडीने रोज नाशिक ते घोटी जात असे. वळणावर गाडी एका अंगाला कलायची. शेजारून ट्रक गेला की जागची सरकायची. घरी बायको रोज विचारायची, "पोचलात ना?" इंटरनेटवर वाचून मी ठरवलं होतं, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची.

"गाडी शोभेला हाय का रोजच्याला?"

"रोजच्याला."

"मग कापाकापी नाय. घोटीच्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासंल."

त्याने आधी टायरमधली हवा, चाकांची दिशा आणि झिजलेले रबरी बुश एवढंच नीट केलं. गाडी निम्मी सुधारली. उरलेल्यासाठी मागचे दोन शॉकअप बदलायला सांगितले, जरा कडक. ते मी स्वतः नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या दुकानातून आणले.

कचेरीतल्या एकाने सांगितलं होतं की, हे लोक नवा माल काढून घेतात आणि जुना बसवतात. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? मी बायकोच्या नेलपॉलिशने दोन्ही शॉकअपवर लाल ठिपका दिला आणि मग ते त्याच्या हवाली केले.

संध्याकाळी गेलो आणि वाकून पाहिलं. उजवीकडे ठिपका होता. डावीकडे नव्हता.

"डावा माझा नाही," मी म्हणालो.

त्याने हात पुसले. "कोन म्हनलं?"

"खूण केली होती मी."

"बगितली." तो आत जाऊन खोकं घेऊन आला. त्यातल्या शॉकअपवर माझा ठिपका होता आणि खाली तेलाचा ओघळ. "नवाच, पन गळका. दुकानदाराकडून बदली आनला. त्याला म्हनलं, हा उद्या परत देतो. खून करनारा मानूस हाय, दावल्याबिगर इस्वास ठेवनार नाय."

मी त्या ओघळावरून बोट फिरवलं.

आवळलेल्या प्रत्येक नटावर तो पिवळ्या रंगाची रेघ मारायचा, नटावरून थेट शेजारच्या लोखंडावर. नट जरा फिरला तरी रेघ तुटते. त्या दिवशी डाव्या शॉकअपचा नट त्याने कोरा ठेवला होता. ब्रश माझ्या हातात दिला.

"ही तुमी मारा. मी पन मानूसच हाय. माज्यावर नको, रेघंवर इस्वास ठेवा."

माझी रेघ वाकडी आली. तो वाकून तिच्याकडे बघत पहिल्यांदाच त्याच्या गावच्या बोलीत म्हणाला, "बरं शे." म्हणजे बरं आहे.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि तो देवळ्याला परतला. त्या पत्र्याखाली आता फरशांचं गोदाम आहे.

गेल्या महिन्यात गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. गणवेशातला एकजण पॅडवर टिपणं घेत म्हणाला, "सर, मागचं सगळं लूज झालंय. बदलावं लागेल."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

तो गोंधळला. मी जमिनीवर बसून चाकामागे वाकलो.

रेघ वाकडीच होती. तुटली नव्हती.