मेथीची जुडी आणि दादाची भुतं

शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा माझा विश्वासच बसेना. जन्मभर भुतांच्या गोष्टी लिहिणारा माझा दादा असा भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गुपचूप जाईल? पण गेला... घरात पाणी द्यायलाही कोणी नव्हतं.

नव्वदच्या दशकात दादाच्या भूतकथेशिवाय दिवाळी अंक निघत नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि आम्ही हसायचो. त्याची परीक्षक एकच, आमची वहिनी. पंचवटीतल्या घरात ती मेथी निवडत बसायची आणि दादा समोर पाट टाकून नवी गोष्ट वाचायचा. तिचे हात थांबले की गोष्ट जमली. नाही थांबले, तर कागद सरळ बंबात!

मग सिनेमावाले आले. "साहेब, अजून भीती पाहिजे," हेच रोज फोनवर. दादा पार पिचून गेला, घरात कुणाशी धड बोलेना. शेवटी त्याने शूटिंगला स्वतःचंच घर दिलं. सिनेमासाठी लिहिलेली ही एकच गोष्ट मात्र त्याने वहिनीला वाचून दाखवली नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना तिला कळलं, की सिनेमातली आई पोटच्या पोरीला चुलीपाशी जाळते, आणि त्या पोरीचं नाव चिमी आहे. त्याच्या सख्ख्या, दुसरीतल्या लेकीचं नाव!

"अहो, जिवंत लेकराचं नाव असं देतात का?"

"अगं, खरं नाव घेतल्याशिवाय मला लिहिताच येईना."

सिनेमा पडला. पण शाळेत पोरं चिमीला "जळकी चिमी" म्हणायला लागली. ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना, घरात जेवेना. वहिनी तिला घेऊन सिन्नरला माहेरी गेली ती गेलीच. दादा दर रविवारी एसटीने जायचा, ओटीवरचा चहा पिऊन परत यायचा. मला त्याचा राग यायचा. अजून येतो, आणि रडूही येतं.

तेराव्याला दोघी आल्या. चिमी आता कॉलेजात आहे, फाटकाबाहेरच थांबली. "आत्या, मी इथेच बरी."

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. वहिनी सवयीने उरलेली मेथीची जुडी घेऊन बसली. दादाच्या टेबलावर त्याची शेवटची गोष्ट होती. मी पाट ओढला आणि वाचायला लागले. त्यात भूत नव्हतं. मायलेकी सिन्नरच्या बसमधून उतरतात आणि घरी येतात, बस्स.

वहिनीचे हात थांबले नाहीत. जुडी संपली, तशी देठं गोळा करून ती उठली.

"वन्सं, निघते. बस चुकेल."

निवडलेली मेथी ताटात तशीच राहिली. त्या घरात आता ती खाणार कोण?